प्रोजेक्टरचा दिवा : दुसरा कुठला चालेल?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रातल्या पुष्कळ शाळांत प्रोजेक्टर आले. काही सरकारी योजनांतून आले, काही माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून, तर काही गावाने वर्गणी काढून घेतले. त्यांतले काही आज कपाटात आहेत. यंत्र धडधाकट असते, गेलेला असतो फक्त दिवा. नव्या दिव्याची किंमत ऐकली की मुख्याध्यापक गप्प बसतात, आणि मग गावातला एखादा हुशार वायरमन म्हणतो, “गुरुजी, दिवाच आहे ना? दोनशे वॅटचा. मी दुसरा बसवून देतो.”

त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. रस्त्यावरच्या खांबावर लागणारा दीडशे वॅटचा मेटल हॅलाइड दिवा साधारण १२,००० ल्युमेन प्रकाश देतो. प्रोजेक्टरमधला दोनशे वॅटचा मूळ दिवाही जवळजवळ तेवढाच प्रकाश देतो. किंमत मात्र कित्येक पट. तेव्हा स्वस्त दिवा आत बसवला तर चित्र तसेच दिसायला हवे. प्रत्यक्षात मात्र पडद्यावर एक मळकट, अंधूक चौकोन उमटतो. खोलीत काळोख केला तरच त्यात काहीतरी चालले आहे हे कळते. प्रकाश तेवढाच असताना असे का व्हावे?

हा प्रश्न आजचा नाही. पडद्यावर चित्र टाकण्याची युक्ती निघाल्यापासून, म्हणजे सुमारे साडेतीनशे वर्षे, प्रत्येक पिढीने हाच प्रश्न सोडवला आहे. त्या इतिहासात हाताशी असलेला दिवा काढून दुसरा बसवण्याचेच प्रसंग जास्त आहेत. त्यांतले काही यशस्वी झाले, काही फसले आणि एक तर भयंकर ठरला. ते पाहिले की वायरमनला काय उत्तर द्यायचे तेही कळते.

हॉलंडचा ख्रिस्तियान हायगेन्स आपल्याला शनीच्या कड्यांमुळे आणि लंबकाच्या घड्याळामुळे माहीत आहे. १६५९ साली त्याने आपल्या वहीत नाचणाऱ्या सांगाड्याची काही चित्रे काढली. ती काचेवर रंगवून, मागून दिवा आणि पुढून भिंग लावून भिंतीवर पाडायची होती. हाच जादूचा कंदील. हायगेन्सला त्या खेळण्याचे फारसे कौतुक नव्हते, पण युरोपभर फिरस्त्या खेळवाल्यांनी ते खांद्यावर घेतले. दिवा मेणबत्तीचा किंवा तेलाचा. चित्र लहान आणि अंधूक दिसे. भुताखेतांच्या खेळाला अंधूकपणा चालतो, म्हणून खेळ चालला.

चित्र उजळ करायला काय करावे? पहिला विचार अर्थात मोठ्या ज्योतीचा. १७८० साली आर्गां या स्विस गृहस्थाने पोकळ, गोल वातीचा आणि काचेच्या चिमणीचा दिवा काढला. वातीला आतून-बाहेरून हवा मिळाल्यामुळे तो लखलखीत जळे. कंदिलात तो उपयोगी पडला खरा, पण खोलीत जितका फरक जाणवला तितका पडद्यावर जाणवला नाही. जास्त वाती लावल्या, दिवा थोराड केला, तरी अनुभव तोच. मोठी ज्योत खोली उजळते, पण कंदिलाच्या भिंगातून ज्योतीचा मधला भागच कामाचा असतो. बाकीचा प्रकाश कंदिलाच्या पत्र्यावर पडून त्याला तापवतो.

अमेरिकेत १८७०च्या आसपास मार्सी याने केलेला ‘सायऑप्टिकॉन’ हा रॉकेलचा कंदील या बाबतीत फार शहाणपणाचा होता. त्याने दोन चपट्या वाती घेतल्या आणि त्यांची रुंद बाजू भिंगाकडे न करता कड भिंगाकडे केली. कड अरुंद असल्याने सहज पाहता ही चूकच वाटते. पण ज्योत पारदर्शक असते. रुंद ज्योतीकडे कडेने पाहिले की मागच्या भागाचा प्रकाश पुढच्या भागातून आरपार येतो आणि सगळा एकावर एक साठतो. दिसणारी ज्योत लहान होते पण तिचा प्रत्येक ठिपका अधिक तेजस्वी होतो. तेल तेवढेच, प्रकाश तेवढाच, पडद्यावरचे चित्र मात्र उजळ. हा प्रयोग वर्गात चपट्या वातीच्या साध्या कंदिलावर करता येतो. काच स्वच्छ हवी आणि वात फार वर नको, एवढेच पथ्य.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक, दिवा सगळ्या दिशांना मिळून किती प्रकाश देतो. हे ल्युमेनमध्ये मोजतात. दुसरी, दिव्याच्या पृष्ठभागाचा एक चौरस मिलिमीटर आपल्या दिशेने किती प्रकाश पाठवतो. हिला आपण ‘तेज’ म्हणू आणि दर चौरस मिलिमीटरला इतके कँडेला अशी मोजू. मेणबत्तीच्या ज्योतीचे तेज साधारण ०.०१ असते. जमिनीवरून दिसणाऱ्या दुपारच्या सूर्याचे सोळाशेच्या आसपास. मेणबत्ती आणि सूर्य यांच्यामधल्या या लाखपटीहून मोठ्या उतरंडीवर प्रोजेक्टरच्या दिव्यांचा सगळा इतिहास बसतो.

सूर्याचाच दिवा करण्याची कल्पनाही कुणाला सुचली नाही असे नाही. १७४०च्या सुमारास लीबरक्यून या जर्मन वैद्याने सौर सूक्ष्मदर्शक लोकांना दाखवला. खिडकीच्या झडपेला भोक, बाहेर आरसा, आत भिंगे, आणि भिंतीवर हातभर लांबीची पिसू. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे कुठलाही मानवनिर्मित दिवा याची बरोबरी करू शकला नाही. मात्र खेळ दिवसा करावा लागे आणि ढग आले की प्रेक्षकांना घरी पाठवावे लागे.

आता कोणी म्हणेल, दिवा मंद असला म्हणून काय झाले, चांगली भिंगे आणि आरसे लावून त्याचे तेज वाढवता येणार नाही का? नाही. कुठल्याही भिंगाने किंवा आरशाने पडलेली प्रतिमा मूळ दिव्यापेक्षा जास्त तेजस्वी होऊ शकत नाही. १८६४ साली क्लाउसियसने यामागचे कारण उष्मागतिकीतून दाखवले. समजा, भिंगाने सूर्याची प्रतिमा सूर्यापेक्षा तेजस्वी करता आली, तर त्या जागी ठेवलेली वस्तू सूर्यापेक्षा गरम होईल, म्हणजे उष्णता थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे आपोआप वाहील. हे कधीच घडत नाही. तेव्हा भिंग प्रकाश लहान जागेत आणते तेव्हा तो अधिक रुंद कोनात पसरतो, आणि कोन अरुंद केला तर जागा मोठी होते. दोन्ही एकदम मिळत नाहीत. बाजारातले कितीही महागडे भिंग या नियमातून सुटत नाही. आमच्या मते प्रकाशशास्त्राच्या शालेय पुस्तकांत हा नियम नसणे ही मोठी उणीव आहे. भिंगाचे सूत्र पाठ असलेल्या विद्यार्थ्यालाही तो ठाऊक नसतो.

म्हणजे दिवाच तेजस्वी हवा. त्या दिशेने पहिली मोठी उडी चुन्याने मारली. इंग्लंडमधल्या गोल्ड्सवर्दी गर्नीने १८२०च्या दशकात ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत कळीच्या चुन्याचा तुकडा धरला. ज्योत स्वतः जवळजवळ दिसत नाही, पण तिच्या टोकाशी चुन्यावरचा छोटासा ठिपका डोळे दिपवणारा पांढरा होतो. थॉमस ड्रमंड या सर्वेक्षण अधिकाऱ्याने १८२५ साली आयर्लंडमधल्या एका डोंगरावर हा दिवा लावला आणि तो सुमारे १०६ किलोमीटर दूरच्या दुसऱ्या डोंगरावरून दिसला. पुढे नाटकगृहांत आणि कंदिलांत हा ‘लाइमलाइट’ आला. चुन्याला खड्डा पडतो म्हणून कांडी दर थोड्या वेळाने फिरवावी लागे, आणि वायू रबरी कापडाच्या पिशव्यांत भरून वर वजने ठेवलेली असत. खेळ चालू असताना कोणी चुकून वजन उचलले तर दाब पडे, ज्योत नळीतून मागे शिरे आणि स्फोट होई.

आपल्याकडे जादूच्या कंदिलाचे नाव निघाले की कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांची ‘शांबरिक खरोलिका’ आठवते. १८९०च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी काचेवर बारीक कुंचल्याने रंगवलेली चित्रे पडद्यावर हलवून दाखवली, गोष्ट सांगितली, गावोगाव खेळ केले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलचित्रांचा पहिला खेळ झाला त्याच्याही आधीपासूनची ही गोष्ट आहे. काचेवरचे चित्र तळहाताएवढे असते. सिनेमाच्या फितीवरचे चित्र मात्र टपालाच्या तिकिटाएवढे. चित्र लहान झाले की तेवढ्याच मोठ्या पडद्यासाठी प्रकाश लहान खिडकीतून जायला हवा, म्हणजे दिवा आणखी तेजस्वी हवा. सिनेमा आला आणि दिव्याची गरज एकदम वाढली ती यामुळे.

त्या गरजेपोटी केलेली एक बदली फार महाग पडली. लाइमलाइटला ऑक्सिजन आणि हायड्रोजन असे दोन वायू लागत. हायड्रोजनऐवजी ईथरवरून ऑक्सिजन सोडला तर ईथरची वाफ इंधनाचे काम करते आणि एकाच वायूच्या टाकीवर भागते. सोयीची आणि बाहेरगावी नेण्याजोगी युक्ती. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमधल्या एका धर्मादाय बाजारात असा दिवा लावून सिनेमा दाखवत होते. दिव्यात पुन्हा ईथर भरताना अंधारात दिसेना म्हणून काडी ओढली गेली. ईथरच्या वाफेने पेट घेतला आणि लाकूड, कापड व रंगवलेले पडदे यांचा तो मांडव काही मिनिटांत जळून गेला. सव्वाशेच्या आसपास माणसे मेली. त्यांत स्त्रिया फार होत्या.

तोवर खरा उमेदवार तयारच होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हंफ्री डेव्हीने दोन कोळशांच्या टोकांमध्ये विजेचा प्रखर झोत पाडून दाखवला होता. हीच विद्युत-प्रज्योत, आपल्या बोलीतला ‘आर्क’. १८४४च्या सुमारास पॅरिसमध्ये दोने आणि फूको यांनी आर्कच्या उजेडात सूक्ष्मदर्शकाची चित्रे पडद्यावर पाडली आणि सूर्याची वाट पाहण्याचे संपले. एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या आर्कमध्ये बहुतेक प्रकाश धन कांडीच्या टोकाला पडलेल्या छोट्या खळग्यातून येतो. त्याचे तेज दीडशे ते पावणेदोनशे, म्हणजे मेणबत्तीच्या पंधरा हजार पट.

या खळग्याची एक गंमत आहे. प्रवाह वाढवला तर तो अधिक तेजस्वी होत नाही, फक्त मोठा होतो. कार्बन त्या तापमानाला थेट वाफ होऊन जातो आणि त्याच्यापुढे तापतच नाही. जास्त वीज म्हणजे जास्त उजळ चित्र हा समज इथे प्रथम स्पष्टपणे कोसळला. तेज वाढले ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. हाइनरिख बेक या जर्मन अभियंत्याने कांडीच्या गाभ्यात सेरियमसारख्या धातूंची संयुगे भरली आणि त्यांची दीप्त वाफ खळग्यात कोंडली तेव्हा.

आपल्याकडच्या जत्रांतल्या तंबू-थिएटरांत आणि जुन्या चित्रपटगृहांत या कार्बनच्या कांड्या कित्येक दशके जळल्या. ऑपरेटर निळ्या काचेतून ज्योत पाही, कांड्या जवळ-दूर करी. दोन हजार फुटांचे रीळ सुमारे बावीस मिनिटांत संपे. तेवढ्यात कांडी किती झिजली याचा हिशोब त्याच्या डोक्यात असे. पडदा अचानक पिवळट झाला की प्रेक्षक ओरडत, कारण ऑपरेटर चहाला गेलेला असे. १९५०च्या दशकापासून झेनॉन वायूचे दिवे कार्बनची जागा घेऊ लागले. क्वार्ट्झच्या फुग्यात दाबाखाली झेनॉन, दोन टंगस्टनची टोके, आणि त्यांच्यामध्ये काही मिलिमीटरचा झोत. कांडी सरकवायला नको, धूर नाही. ऑपरेटरची निम्मी कला त्या दिवशी निकामी झाली.

शाळेत मात्र यांपैकी काही आले नाही. शाळेला मिळाला तो ओव्हरहेड प्रोजेक्टर, आणि त्याचा दिवा शिक्षक स्वतः बदलू शके. टंगस्टनच्या तारेचा हा हॅलोजन दिवा १९५९ साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने जाहीर केला. आतल्या हॅलोजनमुळे उडालेले टंगस्टन काचेवर न बसता तारेकडे परत जाते, म्हणून तार जास्त तापवता येते. त्याचे तेज पंचवीस-तीस. दिवा २५० वॅटचा आणि २४ व्होल्टचा का, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे. २३० व्होल्टवर तेवढ्याच शक्तीसाठी तार बारीक आणि लांब लागते. तिची गुंडाळी ऐसपैस होते. २४ व्होल्टला तार जाड आणि आखूड, गुंडाळी नखाएवढी. इथेही लहानपणालाच किंमत आहे. त्या यंत्रात त्याच व्होल्टचा, वॅटचा आणि बैठकीचा कुठल्याही कंपनीचा दिवा चाले आणि चित्र तसेच दिसे, कारण गुंडाळीचा आकार सारखाच असे. दिवा गेला की दुसरा बसवायचा, हा आपला विश्वास बहुधा याच यंत्राने पक्का केला.

आता व्हिडिओकडे येऊ. टेलिव्हिजनचे चित्र पडद्यावर टाकायचा सरळ मार्ग म्हणजे चित्रनलिकेसमोर भिंग ठेवणे. १९७०-८०च्या दशकांतले तीन डोळ्यांचे प्रोजेक्टर असेच होते. तांबडी, हिरवी आणि निळी अशा तीन नलिका. त्यांत दिवा नसतोच. काचेवरचा फॉस्फर जेवढा उजळेल तेवढेच चित्र.

दुसरा मार्ग आधीच सुचलेला होता. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या फ्रिट्झ फिशरने १९३९ साली ‘आयडोफोर’ची कल्पना मांडली आणि १९४३ साली पहिले यंत्र चालवून दाखवले. त्यात तेलाच्या पातळ थरावर इलेक्ट्रॉनांचा झोत चित्र ‘लिहितो’. तेलाला सूक्ष्म सुरकुत्या पडतात आणि बाहेरच्या दिव्याचा प्रकाश त्या सुरकुत्यांवर वाकून पडद्याकडे जातो. जिथे सुरकुती नाही तिथे तो अडवला जातो. प्रकाश देणारा वेगळा आणि चित्र काढणारा वेगळा, ही यातली महत्त्वाची गोष्ट. दिवा आर्कचा, नंतर झेनॉनचा. अपोलो मोहिमांच्या वेळी ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पडद्यांवर आयडोफोरनेच चित्रे टाकली. यंत्र कपाटाएवढे आणि किंमत शाळेच्या इमारतीएवढी, त्यामुळे ते आपल्यापर्यंत पोचले नाही.

तेलाच्या जागी द्रवस्फटिकाचे, म्हणजे एलसीडीचे पॅनेल आले तेव्हा हीच कल्पना टेबलावर मावू लागली. १९८९ साली जपानी कंपन्यांचे असे प्रोजेक्टर बाजारात आले. दोन वर्षे आधी, १९८७ साली, अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक याने सूक्ष्म आरशांची चिप केली होती. तिचे प्रोजेक्टर १९९६ पासून मिळू लागले. पॅनेल किंवा चिप जितकी लहान तितकी ती स्वस्त पडते. म्हणून कंपन्या ती लहान करत गेल्या. पॅनेलचा कर्ण आधी एक-दीड इंच होता, मग इंचाच्या आत आला. आणि सिनेमाच्या फितीची कथा पुन्हा घडली. खिडकी लहान झाली, दिवा आणखी तेजस्वी हवा. सुरुवातीचे मेटल हॅलाइड दिवे, ज्यांचा झोत काही मिलिमीटर लांब असे, पुरेनासे झाले.

उत्तर जुन्या वहीत होते. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत कॉर्नेलिस बॉल याने १९३०च्या दशकात अतिउच्च दाबाच्या पाऱ्याच्या वाफेचे दिवे केले होते. मात्र त्यांना थंड ठेवायला पाणी फिरवावे लागे. त्याच कंपनीच्या आखेन इथल्या लोकांनी १९९५ साली जो दिवा बाजारात आणला, त्यात वाटाण्याएवढ्या क्वार्ट्झच्या फुग्यात दहा-वीस मिलिग्रॅम पारा असतो आणि जळताना आतला दाब वातावरणाच्या दोनशे पट होतो. साध्या पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश निळसर-हिरवा असतो, त्यात तांबडा जवळजवळ नसतो. एवढ्या दाबाखाली मात्र पाऱ्याच्या वर्णरेषा रुंदावतात, त्यांच्यामधली जागा भरून निघते आणि तांबडाही मिळतो. शिवाय दाबामुळेच अवघ्या १.३ मिलिमीटरच्या अंतरावर सत्तर-ऐंशी व्होल्ट टिकतात, म्हणून प्रवाह थोडा लागतो आणि त्याला चालवणारे बॅलास्ट लहान होते. तेज हजाराच्या वर. शाळेच्या कपाटात पडलेला तो दिवा जळत असताना सूर्याच्या पंक्तीला बसणारा होता.

आता वायरमनचा हिशोब करू. शाळेतल्या प्रोजेक्टरचे पॅनेल ०.७ इंचाचे धरा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १५२ चौरस मिलिमीटर. पुढचे भिंग ज्या शंकूतला प्रकाश घेऊ शकते त्याचा घनकोन, एफ-२ भिंगासाठी, सुमारे ०.२ स्टेरेडियन. गुणाकार ३०. हे त्या यंत्राचे ‘दार’. दिव्याच्या तेजाला या ३०ने गुणले की त्या दारातून जास्तीत जास्त किती ल्युमेन जाऊ शकतील ते कळते. रस्त्यावरच्या दीडशे वॅटच्या दिव्यातला झोत १८ मिलिमीटर लांब आणि सुमारे ४ मिलिमीटर जाड. अशा लांबट झोताचे सरासरी तेज काढायला एकूण ल्युमेनना लांबी, जाडी आणि पायचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागावे. १२,००० भागिले सुमारे ७१०, म्हणजे १७. गुणिले ३०, म्हणजे जेमतेम ५०० ल्युमेन. त्यातला चौथा-पाचवा हिस्सा ध्रुवक, रंग वेगळे करणारे आरसे आणि पॅनेल यांतून पडद्यापर्यंत पोचतो. शंभर-सव्वाशे ल्युमेन राहिले. मूळ दिव्यावर हेच यंत्र दोन-अडीच हजार ल्युमेन देत होते. राहिलेले साडेअकरा हजार ल्युमेन यंत्राच्या पोटात उष्णता होऊन बसतात. आणखी मोठा, चारशे वॅटचा दिवा बसवून फार काही साधत नाही, कारण झोतही मोठा होतो.

शंभर वॅटची एलईडी चकती लावणारेही पुष्कळ आहेत. वीस मिलिमीटर चौरस चकतीतून ९,००० ल्युमेन निघाले तर तेज सातच्या आसपास येते. ३०ने गुणून दोनशेच्या आसपास, आणि पडद्यावर पन्नास. रात्री अंधाऱ्या खोलीत चार मुलांना बीजपेशीचे चित्र दाखवायला चालेल. खिडक्यांना पडदे नसलेल्या वर्गात नाही.

मात्र याच हिशोबातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. जितका प्रोजेक्टर जुना, तितका स्वस्त दिवा चालण्याचा संभव जास्त. १.३ इंचाच्या जुन्या पॅनेलचे दार साडेतीन पट मोठे. शिवाय ते यंत्र नवे असतानाही काही शे ल्युमेनच देत असे, त्यामुळे बदली दिव्याने फारसा फरक पडत नाही. आणि पंधरा इंची संगणक-पडद्याचे उघडे पॅनेल ओव्हरहेड प्रोजेक्टरसारख्या मांडणीत ठेवले, तर भिंगाचा कोन लहान धरूनही दार शंभराहून अधिक पट मोठे होते. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला जगभरच्या हौशी लोकांनी लाकडी खोक्यांत असे प्रोजेक्टर बांधले, मेटल हॅलाइड दिवे लावून, आणि ते उत्तम चालले. आयटीआयच्या किंवा अकरावी-बारावीच्या मुलांसाठी हा मेलेल्या प्रोजेक्टरच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी चांगला उद्योग आहे.

नव्या यंत्रांत कंपन्यांनी दिवाच बदलून टाकला. निळा लेझर एका फिरत्या फॉस्फरच्या चाकावर मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या ठिपक्यावर पाडायचा आणि तिथून निघणारा प्रकाश वापरायचा. २०१० पासून असे प्रोजेक्टर विकले जात आहेत. पारा नाही, पण ठिपका लहान ठेवावाच लागतो.

तर कपाटातल्या यंत्राचे काय करावे? आधी दिवाच गेला आहे याची खात्री करावी. हवेची गाळणी धुळीने बुजली की यंत्र तापून बंद पडते, दिव्याच्या झाकणाखालचा छोटा खटका नीट दाबला गेला नाही तर ते सुरूच होत नाही, आणि ठरलेले तास भरले की चांगला दिवा असूनही ते तक्रार करते. दिवा खरोखरच गेला असेल तर पूर्ण जोडणीऐवजी फक्त आतला क्वार्ट्झचा फुगा मिळतो का पाहावे. तो बराच स्वस्त असतो. वॅट आणि झोताचे अंतर मूळ दिव्याइतकेच हवे, आणि झोत परावर्तकाच्या नाभीवर अगदी नेमका बसायला हवा. अर्धा मिलिमीटर सरकला तरी चित्र काळवंडते, कारण झोतच मुळात मिलिमीटरचा आहे. हे काम जमणारे दुरुस्तीवाले मोठ्या शहरांत आहेत. त्यांच्याकडून करून घ्यावे, वर्गात करू नये. बॅलास्टला साडेतीनशे-चारशे व्होल्टचा एकदिश पुरवठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ साठून राहतो. दिवा पेटवताना तर हजारो व्होल्टचा ठोका बसतो.

तापल्यावर यंत्र बंद करणारा उष्मा-खटका तार जोडून निकामी करण्याची सूचना कोणी केली, तर त्या माणसाला तिथेच थांबवावे. दोनशे वातावरणांचा दाब सांभाळणारी काच वाटाण्याएवढी आहे आणि तिच्याभोवती पंख्याची हवा फिरती राहणे हाच तिचा आधार आहे. पंख्याचा आवाज थांबेपर्यंत प्लग काढू नये, हे मुलांनाही सांगावे. दिवा फुटलाच तर मुलांना बाहेर काढून खिडक्या उघडाव्यात आणि अर्धा तास कुणी आत जाऊ नये. गेलेला दिवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. त्यात पारा आहे. तो त्याच्याच खोक्यात घालून ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावा.